तातेरावची पांढरी पळी

तातेरावचं नाक भलतंच तिखट होतं. ज्वारीच्या पेवाचं तोंड उघडलं, की आतला दाणा चांगला आहे का किडका, हे तो काठावर उभं राहूनच सांगायचा. अंगणात बसल्या बसल्या आत चुलीकडं बघून म्हणायचा, "माय, लसूण करपला बघ." त्याची आई केशरबाई कपाळाला हात लावायची. "बया बया! ह्याला माणसाचं न्हाई, मुंगळ्याचं नाक दिलंय."

माणूस तसा नाकासमोर चालणारा. वस्तीतला पहिला मॅट्रिक. वस्ती म्हणजे खापरवाडीच्या खालच्या अंगाची बौद्ध वस्ती, अठ्ठावीस घरांची. पंच्याहत्तर साली त्याला मलेरियाची नोकरी लागली. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, मोठा कारभार औरंगाबादेहून चालायचा. हसनाबादच्या बाजूची पाच गावं तातेरावकडं आली आणि त्यात त्याची स्वतःची खापरवाडीही आली. पंधरा दिवसांतून एकदा घरोघर जायचं, ताप कोणाला आहे ते विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. आणि रांजण, हौद, आड, जिथं म्हणून पाणी साठतं तिथं लांब दांड्याची पांढरी तामचिनीची पळी बुडवून डासाच्या अळ्या मोजायच्या. पांढऱ्या पळीत अळ्या कशा वळवळताना लगेच दिसतात.

गावातली टारगट मंडळी त्याला 'मच्छर मास्तर' म्हणायची. म्हणेनात का! केशरबाईला मात्र त्या पळीचा कोण अभिमान. लेक कामाला निघाला की ती पळी राखेनं घासून लख्ख करून द्यायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "माह्या लेकाची पळी अण्णासाहेबाच्या रांजणात बी जाती, समजलं का?"

ह्या बोलण्यामागं केवढं काय होतं, ते तुम्हाला सांगायला हवं. केशरबाईचा अर्धा जन्म गावच्या विहिरीपाशी उभं राहण्यात गेला होता. दहा हात लांब उभं राहायचं, "पानी वाढा वो माय" म्हणायचं, आणि कोणाला दया आली, सवड झाली, तर ती बाई आपली घागर तिरपी करून वरून पाणी वाढणार, तेही आपली घागर हिच्या घागरीला लागू न देता. दोन-दोन तास जायचे. बहात्तरच्या दुष्काळात मात्र वस्तीनं हिय्या केला. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि उरल्या उजेडात स्वतःचा आड खोदायचा. म्होरक्या होता म्हातारा रामराव. खोदताना दगड पडून त्याच्या पायाचा अंगठा गेला, पण गडी मागं हटला नाही. केशरबाईनं टोपलीनं मुरूम वाहिला. बत्तीस हातांवर झिरा लागला तेव्हा पहिला तांब्या तिलाच दिला होता. ती प्याली आणि म्हणाली, "आता कोणी वरून वाढायचं काम न्हाई."

नोकरीच्या आधी तातेरावला महिनाभर शिकवणीला बोलावलं होतं. तिथं एका डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली. डॉक्टर म्हणाले, डासाची मादी दिसेल त्या पाण्यात अंडी टाकत नाही. तिला नाक आहे. गवत, पाला, कडबा भिजून जरासा आंबला की पाण्याला एक वास सुटतो, आणि त्या वासावरून तिला कळतं की इथं आपल्या पिल्लांना खायला मिळेल. जातीजातीच्या डासांची आवड वेगळी, पण वास सगळ्यांना लागतो.

तातेरावला हे इतकं भावलं की घरी येऊन त्यानं दोन मडकी मांडली. एकात नुसतं आडाचं पाणी, दुसऱ्यात कडब्याची मूठभर कुट्टी भिजवलेली. आठवडाभरानं बघतो तर कोऱ्या पाण्यात मोजून दोन अळ्या आणि कडब्याच्या पाण्यात नुसता बुजबुजाट!

"माय, हिकडं ये, वास घे," तो म्हणाला.

केशरबाईनं वाकून वास घेतला. "गोडसर हाय. आंबल्यावानी."

"हाच तो वास. आईला आधी लेकरांच्या पोटाचं कळतं."

"मंग डासीण बी शहाणीच म्हणायची," केशरबाई म्हणाली आणि दोन्ही मडकी तिनं उकिरड्यावर उपडी केली.

पहिल्याच फेरीला तातेराव अण्णासाहेबांच्या दारात गेला. अण्णासाहेब गावचे सरपंच, चार बैलांचे धनी, तोंडाचे गोड. गोठ्यापाशी पाऊल टाकलं न टाकलं तोच तातेरावच्या नाकात तो वास शिरला. गोठ्यात दगडी हौद होता, बैलांचं पाणी पिण्याचा. वरून कडब्याचं भुसकट पडायचं, भिजल्या सरकीचं पाणी सांडायचं, आणि तळ कधी कोरडा व्हायचा नाही. मडक्यातला वास हौदाएवढा झालेला! तातेरावनं पळी काढली.

"तातेराव," अण्णासाहेब ओसरीवरून म्हणाले, अगदी मायेनं, "तू आपला माणूस हायस. पण हौदाला हात नको लावू बाबा. घरातली बायामाणसं ऐकत न्हाईत. बैलाचं पाणी हाय."

बैलाचं पाणी! पुन्हा वाचा, बैलाचं. रांजणाचं तर नावच नको. तातेरावनं पळी पिशवीत घातली. कायदा त्याला पाठ होता, तोंड मात्र उघडलं नाही. मग अण्णासाहेबांनी चहा सांगितला. गोठ्याच्या कोनाड्यात एक बिनकानाचा कप उपडा ठेवलेला होता, तो तातेरावनं स्वतःच काढला, फुंकर मारून पुढं धरला, आणि अण्णासाहेबांच्या सुनेनं, बेबीनंदानं, हातभर वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर कप त्यानंच विसळला आणि कोनाड्यात ठेवला.

आता नोंदवही. वहीत खाना होता: अळ्या किती. त्याच्या शेजारी दुसरा: तपासणी न झाल्यास कारण. तातेराव गावाबाहेरच्या बाभळीखाली वही मांडीवर घेऊन बसला. कारण काय लिहायचं? 'हात लावू दिला नाही' असं? वही महिन्याला तालुक्याच्या ऑफिसात जाणार, कारकून ती वाचणार. तिथं तातेराव सगळ्यांसोबत एका बाकावर बसायचा, एकाच माठातलं पाणी प्यायचा, तिथं त्याला 'तातेरावजी' म्हणायचे. आणि त्यांनी वाचायचं की ह्याला गावात बैलाच्या हौदालासुद्धा हात लावू देत नाहीत? त्याची कानशिलं तापली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून त्यानं अळ्यांच्या खान्यात गोल शून्य काढलं.

एकदा शून्य काढलं की पुढची शून्यं सोपी जातात. अण्णासाहेबांचं झालं, मग त्यांच्या भावकीचं, मग शेजारच्या आळीचं. कोणी हसून नाही म्हटलं, कोणी दारच लावलं. वरच्या गावात एकूण चौसष्ट घरं, चौसष्ट शून्यं. घराच्या भिंतीवर मात्र खडूनं तारीख आणि सही, साहेबानं येऊन बघितलं तरी बराबर!

वस्तीत मात्र तातेराव घरात शिरायचा, रांजणाचं झाकण काढायचा, आडात पोहरा सोडून पळी बुडवायचा. तिथं कोण अडवणार? आणि तिथं तो काटेकोर. रामरावच्या रांजणात तीन. आडात लिंबाचा पाला पडतो, तिथं पाच. आपल्या घरी दोन, तेही लिहिलं. सगळं खरं. त्याला वाटायचं, निदान इथं तरी आपण खोटं करत नाही.

घरी केशरबाई विचारायची, "आज अण्णाकडं गेल्तास?"

"गेल्तो. चहा पाजला."

हे तरी कुठं खोटं होतं?

शहात्तरच्या भाद्रपदात खापरवाडीत ताप आला. घरटी एक-दोन माणसं गोधड्या घेऊन थडथडायला लागली. वस्तीत आला, वर त्याहून जास्त आला. बेबीनंदाला सहावा महिना होता, तिला दिवसाआड हुडहुडी भरायला लागली. एवढे मोठे अण्णासाहेब, पण बिचारे तातेरावच्या पिशवीकडं बघत दारात उभे राहायचे. "तातेराव, पोरगी वाचंल ना रं? गोळ्या चांगल्या दे बाबा." तातेराव गोळ्या द्यायचा, रक्त घ्यायचा, आणि तेवढा वेळ तो गोडसर आंबूस वास त्याच्या नाकात घुसत राहायचा. सांगावं, हौद उपसा म्हणून? पण मग अण्णासाहेब विचारणार, तुझ्या वहीत काय लिहिलंय? आणि वहीत दीड वर्षाची शून्यं. तातेराव गप्प बसला. स्वतःच्या गप्प बसण्याची त्याला किळस यायची, तरी गप्प बसला.

मग एक दिवस जीप आली. तालुक्याचे साहेब शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले, भोवती गाव जमलं. साहेबांनी वही मागितली आणि पानं उलटत गेले. तातेराव समोर हात बांधून उभा होता. साहेबांचं बोट वरच्या गावाच्या शून्यांवरून सरसर खाली आलं आणि वस्तीच्या पानावर थांबलं.

"हे बघा, किती स्पष्ट आहे!" साहेब म्हणाले. "गावात एक अळी नाही. सगळ्या अळ्या वस्तीत. आणि हा आड, प्रत्येक वेळी पाच, चार, सहा. ताप इथूनच येतो आहे."

"आम्ही म्हणतच व्हतो," गर्दीतून आवाज आला. "त्याह्यची घाण, अन् भोग आम्हाला!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. आणि दोर कोणी वळला? तातेरावनं, स्वतःच्या वळणदार अक्षरात.

"त्या आडात तेल टाका," साहेबांनी हुकूम दिला. "कठडा, झाकण होईपर्यंत बंद. पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय आहे ना?"

"हाय की, बिलकुल हाय!" अण्णासाहेब तत्परतेनं म्हणाले. "गावची हीर हाय. वाढून देऊ पाणी. आम्ही काय न्हाई म्हणतो का?"

साहेबांना 'वाढून' ह्या शब्दात काहीच दिसलं नाही. ते शहरातले. तातेरावला सगळं दिसलं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'साहेब, ती शून्यं खोटी आहेत.' पाच शब्द. गाव समोर, वस्ती समोर, आई समोर. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

तेलाचा डबा उचलायचं काम कोणाचं? तातेरावचंच. जीपमधून त्यानं डबा काढला, वस्तीत नेला आणि आईनं वाहिलेल्या मुरुमाच्या ढिगावर उभं राहून आडात ओतला. काळं तेल खाली जाऊन पाण्यावर पसरलं. रामराव लांब बसून अंगठा नसलेल्या पायाकडं बघत होता. केशरबाई जवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, "तुह्या वहीत तसंच लिहिलंय का रे?"

"व्हय माय."

"मंग बराबरच असंल," ती म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तातेरावला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी लावून फेरीला निघाला. वाट गावच्या विहिरीवरून जाते. दहा हात लांब, डोक्यावर चुंबळ, पायाशी घागर, अशी केशरबाई उभी होती. तो वरच्या आळीतली सहा घरं करून परत आला, तरी ती तिथंच. तिच्या घागरीत वीतभर पाणी. तेवढ्यात अण्णासाहेबांचा गडी आला, त्यानं दोन घागरी शेंदल्या आणि बैलांच्या हौदाकडं घेऊन गेला. केशरबाई बाजूला सरकली, त्याला वाट द्यायला.

तातेराव त्या गड्याच्या मागं चालायला लागला. अण्णासाहेबांच्या दारात गेला, गोठ्यात शिरला, पिशवीतून पळी काढली आणि सरळ हौदात दांड्यापर्यंत बुडवली.

"अरे! अरे!" अण्णासाहेब ओसरीवरून धावले. "काय करून राह्यलास? पाणी बाटवलंस की रं!"

तातेरावनं पळी त्यांच्या नाकासमोर धरली. पांढऱ्या पळीत काळ्या अळ्यांची नुसती गर्दी. "मोजा अण्णा," तो म्हणाला. "तुमच्या सुनंचा ताप हितून आला. वस्तीतून न्हाई, हितून."

अण्णासाहेबांनी पळीकडं बघितलं की नाही, देव जाणे. ते गड्यावर ओरडले, "उपस, उपस आधी! सगळा हौद उपस, शेणानं घास, चुना लाव! बैलं तहानलीत माझी!" आणि दहा मिनिटांत हौद कोरडा ठणठणीत. झालं! सरकारला दीड वर्षात जमलं नाही ते काम विटाळानं एका झटक्यात केलं. हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

तातेराव बाभळीखाली बसला. वही काढून चौसष्ट घरांच्या ओळीत एकेक शून्य खोडत गेला आणि शेजारच्या खान्यात लिहीत गेला: हात लावू दिला नाही. हात लावू दिला नाही. हात दुखायला लागला. मग तो उठून घरी गेला, कारण ऑफिसात कारकुनानं वाचण्याआधी आईला कळायला हवं होतं.

केशरबाई वीतभर पाण्याची घागर उतरवून दारात टेकली होती.

"माय, अण्णाच्या हौदात म्या आज पयल्यांदा पळी घातली."

"पयल्यांदा?"

"व्हय."

"अन् रांजणात?"

"कव्हाच न्हाई. वर कोणाच्याच न्हाई. हात लावू देत नव्हते. म्या नुसतं शून्य लिहीत गेलो. आपल्या वस्तीचंच खरं लिहिलं, म्हणून आड गेला."

केशरबाईनं डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला टाकली. "साऱ्या वस्तीला मी सांगत फिरले रे," ती म्हणाली. "आन् तो चहा?"

"कोनाड्यातल्या कपात."

"म्हंजे तुला बी वरूनच वाढत व्हते."

तातेरावनं मान हलवली. मग तो रडला, तीस वर्षांचा बाप्या, आईच्या दारात, भर दिवसा. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. रागावली होती ती. पण उठून आतून भाकरी आणून त्याच्यापुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला आणि वही टेबलावर ठेवून सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, ही शून्यं खोटी व्हती." साहेब लालबुंद झाले. "हे कारण आधी का लिहिलं नाही?" त्याच्यावर ठपका ठेवला, कुंभार पिंपळगावच्या बाजूला बदली काढली, आड बंद ठेवण्याचा हुकूम मागं घेतला. अण्णासाहेबांना कोणी काही विचारलं नाही. बेबीनंदा तेवढी वाचली, बाळही वाचलं, ते एक बरं झालं.

तेल ओतायला जीप येते, तेल काढायला येत नाही. आड वस्तीनंच उपसायला घेतला. बदलीवर हजर व्हायच्या आधीचे सगळे दिवस तातेराव दोराला होता. रामराव शेजारीच दोर ओढायचा, पण तातेरावशी एक शब्द बोलायचा नाही, त्याच्याकडं बघायचाही नाही. बाकीचेही बोलत नव्हते. तातेरावला ते बरोबरच वाटत होतं.

नवव्या दिवशी पाणी निवळ आलं. हातांना फोड आलेली माणसं मटकन खाली बसली. रामरावनं ओंजळभर पिऊन बघितलं. "गेलं तेल. बास करा आता." बायकांनी घागरी पुढं सरकवल्या. केशरबाईनं तांब्या भरला, सगळ्यांच्या मधून चालत आली आणि तो लेकापुढं धरला.

"तुह्या नाकाला इचारते. वास येतो का?"

सगळे थांबले. तातेरावनं तांब्या नाकाशी नेला. कोणाच्याच नाकाला लागला नसता इतका बारीक, पण होता. त्यानं फोडांनी भरलेले हात बघितले, घागरी बघितल्या. नाही म्हणणं फार सोपं होतं. एक शून्य, अजून एक.

"येतो," तो म्हणाला.

मग रामराव लंगडत उठला, आडापाशी गेला आणि दोराचं टोक त्यानं तातेरावच्या अंगावर टाकलं.

"मंग बसलास कामून?" नऊ दिवसांत पहिल्यांदा तो त्याच्याशी बोलला. "धर, वढ."